सरकारची गाय

सोमवार, २० सप्टेंबर २०२१

“कुणाला सांगू नकोस,” मामा म्हणाला. म्हणून इथे लिहितोय. कागदाला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे, असं धरून चाललोय.

मामाच्या शिवणाच्या शेडमधून एकतीस जण जाणार. आम्ही एकूण सेहेचाळीस.

या महिनाअखेर करोनाची आणीबाणी उठतेय. ती आहे तोवर कुणालाही कामावरून काढायला बंदी. उठली की लगेच मामा नोटिसा देणार. बाया जेवायला बाहेर गेल्या होत्या, कापणीच्या टेबलापाशी आम्ही दोघंच. इतक्या हळू बोलला की आधी मला वाटलं, कात्रीबद्दल काहीतरी सांगतोय.

“दोन वर्षं शाळांनी गणवेश पुरेसे घेतलेच नाहीत. पंधरा माणसं तरी वाचवतो. तू राहतोस. तू माझ्या बहिणीचा मुलगा.”

मी म्हणालो, “बरं, मामा.” बस्स.

मग कापड अंथरायला लागलो. निळं, गणवेशाचं. थरावर थर. एक थर वाकडा गेला. माझा थर कधी वाकडा जात नाही.

मंगळवार, २१ सप्टेंबर

नामेत्सो तिसऱ्या रांगेत बसते, कॉलर शिवते. जीभ कात्रीपेक्षा धारदार. आज मला बघून तिनं पेडलवरचा पाय काढला.

“काय हो मामाचे लाडके? चेहरा असा का? मयत झालंय का कुणी घरी?”

“डोकं दुखतंय.”

“डोकं असलं की दुखायचंच. नसलेलं बरं — हिच्यासारखं!” शेजारणीला कोपर मारलं. सगळी रांग हसली. मग हसता हसताच आवाज उतरवून म्हणाली, “काही कळलं तर आधी मला सांग हं, ओतेंग. सगळ्यांत शेवटी कळलं की माणूस येडं दिसतं. माझी तीन पोरं आहेत. येडं दिसायला मला सवड नाही.”

मी बॉबिनची पेटी उचलून निघून आलो. पेटी कुठं न्यायची नव्हतीच.

बुधवार, २२ सप्टेंबर

झोप नाही. डोळे मिटले की हॉल दिसतो. सगळ्या बसलेल्या. मशीनं बंद.

गुरुवार, २३ सप्टेंबर

हे कुठून येतं ते मला ठाऊक आहे. गेल्या वर्षीचा हिवाळा, जूनच्या आसपास. टाळेबंदी सुटली होती, पण शाळा बंद, म्हणून काम नाही. सरकारनं तीन महिने आमचा अर्धा पगार दिला. उरलेला अर्धा मामानं घातला. सरकारची अट एकच — कुणाला काढायचं नाही. आणि मामाची अट अशी, की पगार घेता तर कामावर यायचं.

म्हणून आम्ही यायचो. आपापल्या जागी बसायचो. समोर मशीन, दोरा ओवलेला, खाली कापड नाही. तोंडाला मास्क. बोलायचं तर लांबून ओरडावं लागायचं, म्हणून कुणी बोलायचं नाही. पहिल्या आठवड्यात चेष्टा चालली — “बसायचा पगार, डुलकीचा ओव्हरटाइम!” नंतर चेष्टाही आटली. पत्रा उन्हानं तडकायचा तेवढाच आवाज. एक दिवस मागच्या रांगेतली एक बाई रिकामंच मशीन चालवायला लागली. सुई खाली वर, खाली वर, कापड नाही. मग शेजारचीनं सुरू केलं. मग सगळा हॉल! मामा धावत आला आणि दारातच थांबला. कुणाला ओरडला नाही. आवाज आपोआप थांबेपर्यंत तसाच उभा राहिला.

मग म्हणाला, “एकही माणूस जाणार नाही. सरकारनं माझ्यावर भरवसा टाकलाय.”

सगळ्यांसमोर म्हणाला. मी तिथंच होतो.

शनिवार, २५ सप्टेंबर

आज खाणीच्या बाजूनं घरी आलो. येऊ नये.

बाबा खाणीत होते. पाच वर्षांपूर्वी खाण एका दिवसात बंद पडली. मी तेव्हा फॉर्म फोरला, शाळेचं एकच वर्ष उरलं होतं. माझी शाळा तिथंच सुटली. बाबांची खाण मात्र सुटली नाही. रोज पहाटे उठायचे, बूट चढवायचे, गेटपाशी जाऊन उभे राहायचे. पहारेकरी आधी हाकलायचा, मग त्याला दया आली, खुर्ची द्यायला लागला. बाबा खुर्चीत बसायचे नाहीत. “पाळीची वेळ झालीय,” म्हणायचे. दीड वर्ष असं. मग एका पहाटे उठलेच नाहीत.

मला वाटतं अजून उभे असतात. खरंच वाटतं. आज गेटपाशी कुणी नव्हतं, तरी मी रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं गेलो. मधून चालायचा धीर झाला नाही.

एकतीस माणसं उभी राहायला आमचं गेट पुरणार नाही.

सोमवार, २७ सप्टेंबर

फुटलं! माझ्याकडून नाही.

रा कोडिसांग — आमचा मशीन दुरुस्त करणारा, सगळ्यांत जुना माणूस — त्याला कापडवाल्याच्या ड्रायव्हरनं सांगितलं, की मामानं जानेवारीचं कापड रद्द केलंय. चहाच्या वेळी शेडमागच्या झाडाखाली सगळी गोळा झाली. हातात तळलेल्या पिठाच्या माग्विन्या, पण खात कुणीच नव्हतं. तेल कागदावर उतरत होतं.

“जानेवारीला कापड नाही म्हणजे जानेवारीला आपण नाही,” कोडिसांग म्हणाला.

“कामगार कचेरीत जाऊ या.”

“जा. तिथं रांगेत म्हातारी होशील.”

“काढायचं तर काढू दे,” नामेत्सो म्हणाली. “पण सरकारचे पैसे आधी परत कर म्हणावं! आम्हाला सांभाळतो सांगून आणलेत ना?”

कोडिसांगनं चहा खाली ठेवला. मामाला सगळे आदरानं रा मोलोसिवा म्हणतात, तोही. “माफिसा आहे ही, गाय राखायला देतात ती. साधी गोष्ट. सरकारनं आपली गाय रा मोलोसिवाच्या गोठ्यात ठेवली. आपण दूध प्यालो. पण ठेवली कशाला? सांभाळायला. सांभाळणं होत नसेल तर मालकाला परत कर. मेली असेल तर कातडं दाखव. माझ्या आज्याच्या वेळी हेच होतं, आजही हेच.”

“गाय कुठाय इथं, म्हाताऱ्या? पैसे होते. खाल्ले आपण.”

“पैसे म्हणजे दूध. गाय म्हणजे तू. ती मशीनमागची तुझी जागा.”

मग नामेत्सोनं मांडीवर थाप मारली. “बस्स! हेच खोत्लावर बोलायचं, भरल्या गावसभेत. खोसीसमोर, गावच्या मुख्यासमोर. परत करावे लागतील म्हटलं की त्याचा हात आखडेल. एवढे पैसे आणणार कुठून? एकालाही काढणार नाही, बघा!”

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. हे मुद्दाम लिहून ठेवतोय — मलाही पटलं!

मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“साक्षीला हा बोलेल,” नामेत्सो म्हणाली. “मामानं ह्याला सांगितलं असणारच. बघा तोंड, आत्ता रडेल.”

बुधवार, २९ सप्टेंबर

विचार करून डोकं शिणलं. एका बाजूनं बघितलं तर मामानं शब्द देऊन पैसे आणले. शब्द मोडला तर पैसे परत द्यायला नकोत? नाहीतर उद्या कुणीही म्हणेल, माणसं दाखवतो, पैसे द्या, मग माणसं हाकलतो. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर मामानं त्यातला एक थेबेसुद्धा ठेवला नाही. आमच्याच हातात दिला. मग त्यानं परत काय द्यायचं? आमचं पोट?

दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. शाळेत असं नसायचं. तिथं एकच उत्तर बरोबर असायचं.

गुरुवार, ३० सप्टेंबर

सुट्टी. स्वातंत्र्याचा दिवस. मामा बकऱ्याचं मांस घेऊन आला. आईनं ते शिजवून, कुटून सेस्वा केलं, मामाला बाहेर सावलीत खुर्ची टाकली. आई त्याच्याशी बोलते तेव्हा लहान मुलगी होते.

“ह्याला पुढच्या हिवाळ्यात बायको आणू,” मामा म्हणाला. “मी कोट काढून ठेवलाय. मुलीकडच्यांसमोर बसून अशी बोलणी करतो बघ, मुलीसाठी द्यायच्या गायींतल्या दोन कमी करून घेतो!”

“दोनच?” आई म्हणाली. “तुझ्या वेळी तर काकांनी एक जादा देऊन सोडवलं होतं तुला. तू इतका काळा होतास.”

दोघं हसत होती. मी माझं ताट आत नेऊन झाकून ठेवलं.

तो गेल्यावर आईनं भांडी घासता घासता विचारलं, “शनिवारी खोत्ला आहे म्हणे. तू बोलणार?”

गावात आधीच पसरलंय.

“माहीत नाही.”

“तुझे बाबा गेल्यावर फी कुणी भरली तुझ्या बहिणीची? लाकूड कुणी आणलं, कबर कुणी खणली?” मग घासलेलं भांडं पालथं घालून, “मी तुला बोल म्हणत नाही, बोलू नको म्हणत नाही. मी त्याची बहीण आहे.”

शुक्रवार, १ ऑक्टोबर

खोसीचा माणूस सकाळीच येऊन सांगून गेला. मामानं ऐकलं, मान डोलावली, ऑफिसात गेला. नोटिसा निघाल्या नाहीत. दुपारी हॉलमधून एक फेरी मारली. प्रत्येक मशीनपाशी थांबला. माझ्यापाशी थांबला नाही.

शनिवार, २ ऑक्टोबर

अक्षर वाईट येतंय. तरी आजच लिहायचं.

ऊन चढायच्या आत सगळी जमली. ओंडक्यांच्या कुंपणाआड लांब लांब मांडलेल्या खुर्च्या, पुरुषांच्या टोप्या मांडीवर. नामेत्सो पँट घालून आली होती. पोलिसानं दारातच अडवलं. “पँट घालून खोत्लावर? बाई, हरायची घाई आहे का?” तिनं कुणाची तरी शाल घेऊन कमरेला गुंडाळली आणि त्याच्या नाकासमोरून आत गेली.

खोसी वयानं मामाहून लहान. पण त्या खुर्चीत बसला की सगळे त्याची मुलं.

आधी कोडिसांग बोलला. झाडाखाली बोलला तेच — गाय, गोठा, कातडं. पण तिथं ते दुसरंच ऐकू आलं. म्हातारे माना हलवत होते.

मामा उठला. कोट घालून आला होता. “मी काय खाल्लं ते सांगा. सरकारनं दिलं ते तुमच्या हातावर ठेवलं. कमी पडलं ते माझी गुरं विकून घातलं. माझ्या घरावर अजून अर्धं छप्पर नाही, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी लबाड आहे का?”

“नाही,” कुणीतरी म्हणालं. आमच्यातलंच.

नामेत्सो उठली. “तुम्ही खाल्लं असं कुणी म्हणत नाही, रा मोलोसिवा. पण पैसे आणलेत ते आम्हाला दाखवून. ‘ही बघा माझी माणसं, ह्यांना सांभाळतो.’ आता माणसं नको झाली. तर ज्यांना दाखवून आणलेत, ते जाताना पैसेही जाऊ देत.”

मागचा एक म्हातारा म्हणाला, “परत दिले तर तुला मिळणार का, पोरी?”

“नाही, आजोबा.”

“मग तुझा फायदा काय?”

“फायदा नाही. मला उद्या पोरांना सांगायला काहीतरी पाहिजे.”

कुणी हसलं नाही.

खोसीनं हात वर केला. “नीट विचार करून बोला. तुम्ही ही गाय मागता आहात का? मालकाच्या वतीनं, गावासमोर? इथं मागितलं म्हणजे मागितलं.”

कोडिसांगनं मागं वळून बायांकडं पाहिलं. बायांनी माना डोलावल्या. नामेत्सो गालातल्या गालात हसत होती — आता आखडेल हात!

“मागतो,” कोडिसांग म्हणाला.

“माणसं काढायचं ठरलंय की नुसती आवई आहे?” खोसीनं विचारलं. मामानं कोटाची बाही नीट केली. “कुणाला ठाऊक असेल तर त्यानं सांगावं. जबरदस्ती नाही.”

आई बायांच्यात जमिनीवर बसली होती. बोटानं मातीत रेघ ओढत होती. ओढायची, पुसायची.

मी उठलो. टोपी नव्हती, तरी काढायला हात डोक्याकडं गेला.

“ठरलंय,” म्हणालो. “एकतीस जण.”

आवाज माझा नव्हता. बाबांचा होता. पाळीची वेळ झालीय म्हणतानाचा.

मग मामा हसला! राग नाही, काही नाही. खांद्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसा चेहरा. म्हणाला, “माझा बाप जन्मभर दुसऱ्याची गुरं राखत म्हातारा झाला. एकदा मालक मागायला आला, असाच, चारचौघांत. चांगल्या दुभत्या गायी होत्या. बापानं एक शब्द काढला नाही. गोठा उघडला, दोर त्याच्या हातात दिला. त्या हिवाळ्यात आम्हा पोरांना दूध मिळालं नाही, पण बापाकडं बोट दाखवायची कुणाची छाती झाली नाही. तुम्ही मागितलीत. सरकारची गाय परत जाईल. सगळी. मशीनं विकतो.”

क्षणभर कुणाला कळलंच नाही.

“मशीनं?” नामेत्सो ताडकन उठली. “मशीनं कशाला? तसं नव्हतं म्हणायचं आम्हाला, रा मोलोसिवा —”

“मग कशातून देऊ, बाई? दुसरं काय आहे माझ्याकडं?”

“घाई करू नकोस, मोलोसिवा,” कोडिसांग म्हणाला. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. “एकतीस तर एकतीस. पंधरा तरी राहू देत —”

“कोण पंधरा?” मागून एक ओरडली. “तू त्यातला आहेस, म्हणून ना?”

“तू गप!” दुसरी तिच्यावर उसळली. “तुझा हात तर कधीच सरळ शिवण घालत नव्हता!”

कालपर्यंत एका थाळीत खाणाऱ्या बाया! खोसीनं काठी आपटली. “तुम्ही मागितलंत. त्यानं दिलं. खोत्लाला आता काही विचारायचं उरलं नाही.”

मामा माझ्या शेजारून बाहेर गेला. कोटाची बाही माझ्या हाताला लागली.

रविवार, ३ ऑक्टोबर

आईनं ज्वारीचं बोगोबे वाढलं. समोर ठेवलं, हातात दिलं नाही. संध्याकाळी एकच बोलली — “आता तुझ्यासाठी मुलगी मागायला कोण जाणार?”

मंगळवार, ५ ऑक्टोबर

हातातले गणवेश तेवढे पूर्ण करायचे, मग बंद. मामा म्हणाला, कायद्यानं जे बसतं ते प्रत्येकाला देणार, त्यासाठी उरलेली गुरं काढतोय.

इथं अनोळखी माणसालाही ‘डुमेला’ म्हटल्याशिवाय कुणी पुढं जात नाही. आज सकाळपासून मला कुणी म्हटलं नाही. मी म्हणतो, ते पुढं जातात. जणू मी आलोच नाही.

नामेत्सोपाशी थांबलो. म्हटलं, “तूच म्हणालीस ना, बोल म्हणून?”

“हो. खरं बोललास,” तिनं मान वर केली नाही. “आता ते शिजव आणि वाढ माझ्या पोरांना.”

बुधवार, १३ ऑक्टोबर

मामाकडं गेलो. अंगणात बसला होता. मी उभाच राहिलो. बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

“मामा, थांबव ना हे. सरकारनं अजून मागितलेलेसुद्धा नाहीत.”

“मग काय करू? पोलीस गोठ्यात येईपर्यंत दाराआड लपू?”

“पण सगळीच जाणार आता. पंधरा राहत होते. तुझं ते... तेच बरं होतं.”

“होतं,” म्हणाला. “मला वाटलं होतं, गुपचूप करावं. माणसं रडतील, मग गप बसतील. खाणीच्या वेळी बसली तशी.” मग माझ्याकडं पाहिलं, कितीतरी दिवसांनी. “तुझ्यावर राग नाही. खोटं बोलला असतास तर राग आला असता.”

राग असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची माफी मागता येते.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

मशीनं गेली.

सीमेपलीकडचा व्यापारी. मोठा ट्रक. दोघं हमाल दोऱ्यांनी बांधून एकेक चढवत होते. बोलावलं नव्हतं तरी सगळ्या बाया आल्या. कुंपणाबाहेर उभ्या राहिल्या, अंत्ययात्रेला उभ्या राहतात तशा. कुणी गाणं म्हणत नव्हतं, हाच काय तो फरक.

तिसऱ्या रांगेतलं मशीन बाहेर आलं तेव्हा नामेत्सो आत शिरली. “जरा थांब, दादा. तेल द्यायचं राहिलंय.” हमाल हसला, “बाई, आता आमचं झालं ते.” तरी तिनं शालीच्या टोकानं सगळं पुसलं, हळूहळू, सांध्यासांध्यात. मग बाजूला झाली. “ने. वरचा दोरा जास्त ताणू नका म्हणावं. अडकतं.”

व्यापाऱ्यानं पैसे रोख मोजले. मामानं पिशवीत भरले. बँकेत टाकणार नाही म्हणाला. बँक कर्जापोटी ओढून घेईल, मग सरकारचं काय.

मंगळवार, २६ ऑक्टोबर

भाड्याच्या शेडची चावी परत द्यायचीय, म्हणून मामानं मला झाडायला लावलं. दुसरं कुणी आलं नसतं.

फरशीवर तेलाचे डाग रांगेनं. प्रत्येक डागामागं खुर्चीचे पाय घासल्याच्या खुणा. मी मागच्या भिंतीपासून सुरुवात केली. थोडं झाडलं आणि तिसऱ्या रांगेतून मशीन चालल्याचा आवाज आला! थांबलो. आवाज थांबला. झाडायला लागलो की पुन्हा — घर्रर्र, घर्रर्र.

केरसुणीचा आवाज आहे. मला कळतं. येडा नाही मी. पण उरलेला हॉल मी गुडघ्यांवर बसून, चिंध्या आणि दोरे हातांनी वेचून साफ केला.

शुक्रवार, २९ ऑक्टोबर

आज आमच्या शेडच्या गेटपाशी चौघीजणी होत्या. डबे घेऊन. विचारलं, काय हवंय? “काही नाही. घरी करमत नाही.”

पाऊस अजून नाही. कोडिसांग मोराकावर, रानातल्या गुरांच्या तळावर, निघून गेला. जाताना भेटला नाही कुणाला.

रविवार, ३१ ऑक्टोबर

प्रार्थनेत पाद्री म्हणाले, प्रामाणिक माणसाचं घर देव राखतो. मागून कुणीतरी खोकलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. की नाही वळल्या? मी वर पाहिलंच नाही.

आई आता झोपेत भावाचं नाव घेते. नुसतं नाव. पुढं काही नाही.

सोमवार, १ नोव्हेंबर

मामा पहाटेच्या बसनं राजधानीला गेला. कोट, पिशवी. व्हॅन पण विकली म्हणून बस. पिशवीत सरकारचे पैसे, तीन महिन्यांचे, सेहेचाळीस जणांचे, पूर्ण. आई स्टँडवर गेली होती. त्याला वाटेत खायला उकडलेले मके दिले. मला म्हणाली, “त्याच्या चालीत बघ, आमचे बाबा दिसतात.” अभिमानानं म्हणाली की रडवेली होऊन, कळलं नाही.

आता तरी संपेल. परत दिले की संपेल. बाया नमस्कार करायला लागतील. कदाचित झोप येईल.

शुक्रवार, ५ नोव्हेंबर

मामा परत आला. पिशवी भरलेलीच.

सरकारी कचेरीत एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडं फिरवलं म्हणे. शेवटच्या खिडकीतल्या मुलीनं विचारलं, “पण रा, हे मागितले कुणी?” असे पैसे परत करायला कुणी आलेलं तिला आठवत नव्हतं. घ्यायचे कसे तेही तिला माहीत नव्हतं. म्हणाली, घरी घेऊन जा.

मामा बसला नाही, पाणी घेतलं नाही. आईच्या देखत पिशवी माझ्यापुढं धरली. “मालक म्हणतो, ही गाय माझी नाही. गावासमोर तू उठून बोललास. आता तुझ्या गोठ्यात ठेव.”

मी दोन्ही हातांनी घेतली. मामा देत असेल तर तशीच घ्यावी लागते.

नामेत्सो मीठ मागायला आली होती. दारातच उभी होती. तिनं पिशवी माझ्या हातात येताना पाहिली.